‘रिमोल्ड’ : अर्थ आणि उपयोग

॥ श्री ॥

कसाल,
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. किशोरी हीस आजोचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला. आधी रागावून घे आणि मग पुढचं वाच. गणपतीत येऊन तू जो कागद माझ्या हातात दिलास तो हरवला नव्हता. रोज सकाळी काढायचो, वाचायचो आणि परत घडी घालून ठेवायचो. दोन महिने असे गेले. तुझा बाप बाळा म्हणाला की, बाबा, चार ओळी लिवच्यासाठी इतके दिवस लागतत तर त्या किशोरी चेडवाचा पुस्तक आमच्या तेराव्याक छापून येतला. मी म्हटलं, तुला काय जातं बोलायला? छापलेलं पुसता येत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो, तेही सातवीला दोन वर्षं बसून. तुझ्या पुस्तकात मोठमोठी माणसं लिहिणार. सुताराचा शब्द, होडीवाल्याचा शब्द, नर्सबाईंचा शब्द, म्हणजे खेड्यात कामावर वापरतात ते इंग्रजी शब्द, असं तू सांगितलंस. त्यात माझा ‘रिमोल्ड’. तू कागदावर डिक्शनरीतला अर्थ लिहून दिलास, ‘पुन्हा आकार देणे, नव्याने घडवणे’, आणि खाली मोकळी जागा ठेवलीस की आजो, तुम्ही उपयोग सांगा.

उपयोग म्हणशील तर कसालात या शब्दाचा उपयोग टायरापेक्षा माणसांनाच जास्त झाला आहे. दुकानावर ‘राऊळ टायर रिमोल्डिंग’ अशी पाटी लावली तेव्हा लोक थांबून विचारायचे की ह्या काय लिवलंहा. मी सांगायचो की, झिजलेल्याला परत पाय फुटवायचे. तेव्हापासून गणपत न्हाव्याकडून कोणी दाढी करून आला की रिमोल्ड. कोणी दुसरं लग्न केलं की रिमोल्ड. मी कवळी बसवली तेव्हा भर बाजारात हाक आली की, लवू, रिमोल्ड करून इलंस काय रे, किती किलोमीटर गॅरंटी? हे पुस्तकात घालू नकोस.

खरा उपयोग खाली लिहितो. तुला पाहिजे तसं शुद्ध कर.

‘रिमोल्ड म्हणजे टायर गुळगुळीत झाल्यावर तो घासून, त्याच्यावर नवीन रबर चढवून, साच्यात घालून वाफेवर दीड-दोन तास शिजवणे. मग परत नक्षी येते. आतलं अंग धड असेल तरच करावे. धड नसेल तर करू नये, कारण’

कारणच्या पुढचं खोडलं आहे, ते वाचायचा प्रयत्न करू नकोस. एवढ्यावर भागव. आणि माझं नाव घालू नकोस, ‘कसालचे एक गृहस्थ’ असं घाल. सातवीवाल्याचं नाव बघून तुझी साहेबीण तुलाच हसेल. आपल्या घरातली नावं आजवर फक्त लग्नपत्रिकेवर आणि मतदारयादीत छापली गेली. पुस्तकावर पहिलं नाव तुझं येऊ दे. मी तेवढ्यानेच ताठ चालीन.

तुझा खोकला कसा आहे? पुण्यात स्कूटीवर तोंड बांधून जा. मागच्या टायरची नक्षी बघ, पावसाळ्यात गेली असणार. फोन करू नकोस, कानातल्या मशिनीत नुसती शिट्टी वाजते. पत्रच लिही.

माया आहे तशीच आहे. आता तब्येत तेवढी वाढव.

तुझा,
आजो


पुणे,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आजो यांच्या चरणी किशोरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं आणि ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. रागावू नका. न्हाव्याचं आणि कवळीचंही वाचलं. आमच्या संपादकबाई सहसा हसत नाहीत, त्या चष्मा काढून हसल्या. त्या म्हणाल्या की बत्तीस शब्द आले, पण शब्दाला वाफेचा वास फक्त या एकाच पत्रात आला. तेव्हा सातवीचं पुन्हा काढायचं नाही. ‘कसालचे एक गृहस्थ’ मुळीच चालणार नाही. प्रत्येक शब्दाखाली सांगणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव येतं, तो या पुस्तकाचा नेमच आहे. मी तुमचं नाव स्वतः टाईप केलं आणि पडद्यावर बराच वेळ बघत बसले. शाळेत सगळ्यांचे आजोबा शेतकरी होते. माझे आजोबा टायर शिजवतात म्हणून मी सांगायचे आणि मुलींना ते खोटं वाटायचं. आता पान दाखवीन.

पण आजो, एक अडचण आहे. संपादकबाईंना अर्थाच्या जागी ‘जुन्याचे नवे करणे’ एवढंच सुटसुटीत हवं आहे, मुलांसाठी म्हणून. मी म्हटलं की आजोंनी तसं लिहिलेलं नाही. मग त्यांनी तुमच्या कागदावर बोट ठेवलं, ‘धड नसेल तर करू नये, कारण’. त्या म्हणाल्या की हे कारण द्या, मग मी माझा हट्ट सोडते. कारण नसेल तर ती ओळ काढून टाकू.

मी उजेडासमोर कागद धरून बघितला. तुम्ही इतकं गिरवलं आहे की कागद फाटला आहे. एका अक्षरावर एवढा राग कशाला? खरं कारण लिहा. तुम्ही बाजारातल्या कोणालाही तासभर समजावून सांगता, मला चार शब्द सांगायला काय झालं?

आईला म्हणावं कोकम आगळ पोचलं. खोकला गेला. टायर बघितला, तुमचंच खरं निघालं, बदलला.

तुमच्या शब्दाची वाट बघणारी,
किशोरी


॥ श्री ॥

कसाल,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. किशोरी हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र ऑफिसात वाचायचं नाही. बाळालाही सांगायचं नाही. घरी जाऊन, जेवून, मग वाच.

प्लासिद तुला माहीत आहे. मालवणचा प्लासिद लोबो, जो लंगडत येतो आणि नाताळात नेवऱ्या आणतो. तुझ्या बारशाला त्याने पाळण्याची दोरी ओढली होती. तो पूर्वी लॉरी चालवायचा, हेही तुला माहीत असेल. ब्याण्णव सालच्या मे महिन्यात करूळ घाटात त्याची लॉरी डोंगराला धडकली आणि उजवा पाय कामातून गेला. ब्रेक फेल झाला, असं सगळं कसाल सांगतं. प्लासिद स्वतःही तेच सांगतो.

ब्रेक फेल झाला नव्हता.

अपघाताच्या दोन दिवस आधी तो एक टायर घेऊन माझ्याकडे आला. मी आत हात घालून चाचपला. कडेला वीतभर जागेत आतले दोरे तुटले होते. असा टायर परत करायचा असतो. मी तो परत करायला निघालो, तर प्लासिद म्हणाला की, परवा देवगडाक हापूस भरूचो आसा, लवू, काय ता कर पण टायर दी. आता तुला खरं सांगतो. मैत्रीखातर केलं असं मी तेहतीस वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते अर्धंच खरं. मला माझ्या हाताचा गर्व होता. कोल्हापूरला शिकलो होतो, या पट्ट्यात माझ्यासारखा साचा कोणाचा नव्हता. वाटलं की मी केलं तर हेही चालेल. आतून गेटर लावला. गेटर म्हणजे टायरच्या पोटात चिकटवायचं रबराचं जाड ठिगळ. वरून असा सुंदर रिमोल्ड चढवला की नवा त्याच्यापुढे फिका. प्लासिदला म्हटलं, मागे लाव. गेटरचं बोललो नाही. बोललो असतो तर त्याने तो नेला नसता.

अपघातानंतर मी घाटात त्या वळणावर गेलो. गटारात रबराची एक पट्टी पडली होती. तिच्यावर माझ्या साच्याची नक्षी होती आणि मागे माझा गेटर लोंबत होता. मी ती पट्टी दरीत टाकली. मग दवाखान्यात गेलो, तर प्लासिद खाटेवरून सगळ्यांना सांगत होता, ब्रेक फेल, ब्रेक फेल. माझ्याकडे बघूनही तेच म्हणाला. मला वाटलं, या माणसाला कळलं आहे आणि तो माझं दुकान राखतो आहे. मी मान खाली घालून ते घेतलं. त्याच दुकानावर बाळा वाढला, तुझं शिक्षण झालं.

आता सांग, त्या शब्दाखाली माझं नाव कसं घालू? पुस्तक घेऊन मुलं शाळेत वाचतील, ‘रिमोल्ड, सांगणारे लवू राऊळ’. आणि मालवणात प्लासिदचा नातू ते आपल्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवील. तूच नाव काढ आणि ‘जुन्याचे नवे करणे’ छापून मोकळी हो. पण तेही खोटं आहे गो. नवं होत नाही. तेवढं कळायला मला माझ्या मित्राचा पाय लागला.

तुला राग आला का ते लिही. झोप लागत नाही, तसा म्हातारपणाचाही दोष आहे. भात कापून झाला, कणसं बरी भरली.

तुझा,
आजो


पुणे,
दि. २५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आजो यांना किशोरीचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं जेवून मग वाचलं. कोणालाही दाखवलेलं नाही.

राग आला का म्हणून विचारलंत. आला. तुम्ही टायर शिजवलात म्हणून जेवढा आला, त्याहून जास्त तुम्ही तेहतीस वर्षं गप्प राहिलात म्हणून आला. लहानपणी मी प्लासिदआजोंच्या काठीला घोडा करून खेळायचे, तेव्हा तुम्ही उठून आत जायचात. मला वाटायचं मी दंगा करते म्हणून.

तरी मी नाव काढणार नाही. घालणारही नाही. माझ्या हातात ते नाहीच, आणि एकट्या तुमच्याही हातात नाही. ज्यांचा पाय गेला त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर तो शब्दच पुस्तकातून काढीन आणि संपादकबाईंना काय सांगायचं ते मी बघीन. पान वीस डिसेंबरला छापायला जाईल, तोवर धरून ठेवते.

आजो, पत्र आजच लिहा. मला लिहायला दोन महिने लावलेत, तसं करू नका.

तुमची,
किशोरी


॥ श्री ॥

कसाल,
दि. २ डिसेंबर २०२५

माझा मित्र प्लासिद यास लवूचा नमस्कार. वि. वि.

तू आठवडी बाजाराला येतोस आणि माझ्यासमोर बसतोस, तरी हे पत्राने सांगतो आहे. तोंडाने मला जमणार नाही. आणि तू काही बोललास तर मला ऐकू येणार नाही, तुला ओरडावं लागेल, आणि बाळा दुकानातच असतो.

ब्याण्णव सालच्या त्या टायरच्या पोटात गेटर होता. दोरे तुटलेले मला हाताला लागले होते. मी तुला मागे लाव एवढंच म्हटलं आणि का ते सांगितलं नाही. तू ते ओळखलं असशील, म्हणूनच ब्रेकाचं सांगितलंस आणि माझ्या दुकानाचं नाव राखलंस. त्या उपकाराखाली मी इतकी वर्षं तुझ्या नेवऱ्या खाल्ल्या. एकही गोड लागली नाही, लुईझावहिनींना मात्र हे सांगू नकोस.

आता किशोरीच्या पुस्तकात ‘रिमोल्ड’ हा शब्द माझ्या नावाने यायचा आहे. मला वाटतं येऊ नये. पण पोर म्हणते की तुला विचारल्याशिवाय ती काहीच करणार नाही. तू जे म्हणशील ते. घाल म्हण, काढ म्हण, दुकानाची पाटी उतरव म्हण. बाळाला मी सांगीन.

तुझ्या पायाला थंडीत कळा येतात का अजून? मी कधी विचारलंच नाही. तुझी वाट बघतो.

लवू


मालवण,
दि. ६ डिसेंबर २०२५

माझो खुळो दोस्त लवू ह्याका प्लासिदचो नमस्कार. देव तुका बरो ठेवो, कारण मी तुका आता बरो ठेवणंय नाय.

मी जसो बोलतंय तसोच लिवतंय, शाळेतली मराठी माका आता जमणा नाय. तुझा पत्र लुईझान मोठ्यान वाचून दाखवल्यान. गेटर म्हणताना ती थांबली आणि माझ्याकडे बघूक लागली. मी तुका शिव्या घातलंय, सगळ्यो हय लिवणंय नाय, पोस्टमन भला माणूस आसा. तेहतीस वर्सां, मेल्या! माझ्या घरात जेवलंस आणि टायराच्या पोटात ठिगळ आसा ह्या एक वाक्य तुझ्या तोंडातसून भायर पडाक नाय? दोन दिवस मी रागान काठी आपटत फिरलंय.

तिसऱ्या दिवशी लुईझान विचारल्यान, की तेणा आपला सांगल्यान, आता तुमी तुमचा सांगतलास काय नाय?

तर ऐक. तो टायर तू सांगलंस तसो मी मागेच लावललंय. देवगडसून भरून सुटलंय, वैभववाडीक पोचलंय, तर पुढच्या चाकातली हवा गेलेली. स्टेपनी आधीच वापरून झालेली. भर दुपार, पंक्चरवालो जेवाक गेललो, मागे हापूस उन्हात तापतत. मी काय केलंय? मागे एका बाजूक दोन-दोन टायर आसतत, तेतलो तुझो रिमोल्ड काढलंय आणि पुढे लावलंय. माका वाटला, लवू सगळ्यांकच सांगता मागे लाव, मागे लाव, तेची सवयच ती. तू कारण सांगूक नाय आणि मी विचारूक नाय. मागे आसतो तर फुटून नुसतो आवाज झालो आसतो, बाजूच्या टायरान वजन घेतला आसता, मी खाली उतरून तुका एक शिवी घालून परत चढलंय आसतंय. पुढे होतो म्हणान स्टेरिंग हातातसून गेला. माका गेटर ठावक आसतो तर मी तो पुढे लावलंय नसतंय. मी पुढे लावतलंय ह्या तुका ठावक आसता तर तू तो दिलंस नसतंस.

आता ब्रेकाचा. तू लिवतंस, प्लासिदा, तू माझ्या दुकानाचा नाव राखलंस. उपकार कसले रे खुळ्या! वीस वर्सां घाट चढणारो डायव्हर रिमोल्ड पुढच्या चाकाक लावन गेलो, ह्या भायर पडला आसता तर कसालपासून कोल्हापुरापर्यंत एकेक क्लीनर माका हसलो आसतो. मी माझा नाक वाचवलंय. तुझा नाक त्याच्या मागसून आपोआप वाचला. तू दवाखान्यात मान खाली घातलंस तेव्हा माका वाटला, ह्येका कळला की टायर मी पुढे लावलंय, आणि माझी अब्रू जाव नये म्हणान हो गप रवता. तुझे उपकार मानून मी तुका नेवऱ्यो हाडून देय होतंय!

लुईझा हसता हसता खुर्चीत बसली. म्हणाली, दोघांय रेड्यांनी एक नेवरी मिळान खाल्ली आसती तर तेहतीस वर्सां वाचली आसती.

पुस्तकातसून नाव काढूचा नाय. उलट माझा पण नाव होया. तू शिजवलंस, पण तेच्यावर बसान गेलो कोण? माझो पाय त्या शब्दात गेलो, लवू. माका तेची जागा होयी. आणि कारण लिव. आमी दोघांनी जा सांगूक नाय ता पोरांका सांग.

राग अजून थोडो आसा. तो मंगळवारी हाडून तुका हातात देतंय. मशीन कानात घालून बस.

प्लासिद


॥ श्री ॥

कसाल,
दि. १३ डिसेंबर २०२५

चि. किशोरी हीस आजोचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत प्लासिदचं पत्र पाठवतो आहे. ते आधी वाच, म्हणजे मला परत लिहायला नको. वाचून झालं की परत पाठव, मला ते ठेवायचं आहे.

प्लासिद मंगळवारी आला. मी मशीन कानात घालून बसलो होतो, पण तो बोलायला लागला आणि मशिनीने शिट्टी धरली. मी ती काढून ठेवली. मग त्याला ओरडावं लागलं. किशोरी, बाजाराचा दिवस, हायवेच्या खालची सगळी दुकानं उघडी, आणि प्लासिद ओरडतो आहे की गेटर लावलंस ता लावलंस, सांगूक काय झाला होता! मी माझ्या परीने हळू बोललो की तू पुढे का लावलास, तर लोक सांगतात की तेही पुलापर्यंत ऐकू गेलं. न्हावी एका गिऱ्हाईकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. तेहतीस वर्षं जे मी पोटात जपलं ते दहा मिनिटांत कसालभर झालं. मला वाटलं आता दुकान संपलं. मी खाली बसलो. प्लासिदही माझ्या बाजूला टायरवर बसला, पाय लांब करून. म्हणाला की, थंडीत कळा येतत, होय. तू विचारललंस म्हणान सांगतंय.

बाळाने सगळं ऐकलं होतं. सिद्धेश टेम्पोवाला तेव्हा दुकानात उभा होता, त्याचा एक टायर सकाळपासून पडला होता. बाळाने त्याच्यात हात घातला. मग सिद्धेशचा हात धरून त्याच जागी आत घातला आणि सांगायला लागला, की हे दोरे तुटलेत, हंय वरून कितीय सुंदर रबर चढवला तरी आतसून ह्या धरूचा नाय. मागे लाव म्हणान सांगतलंय आणि तू एक दिवस पुढे लावतलंस. सिद्धेश म्हणाला की, अरे, दुसरीकडे करून घेतंय. बाळा म्हणाला, करून घी, पण तेकाय ही जागा दाखव. सिद्धेश टायर घेऊन गेला. आणि बाळा दारात उभा राहून त्याला पुन्हा तेच कारण सांगत होता, टेम्पो वळेपर्यंत.

मी माझ्या मुलाला धंदा शिकवला, साचा दिला, पाटी दिली. हे एवढं मी दिलं नव्हतं. ते त्याने आपलं आपण घेतलं. मला रडू आलं, पण लोकांना वाटलं प्लासिद ओरडला म्हणून.

आता शब्द लिहितो. मी लिहिलं, प्लासिदने दोन ठिकाणी बदलायला लावलं, आणि लुईझावहिनींनी एक ओळ बरोबर केली. हे शुद्ध करू नकोस.

‘रिमोल्ड : टायर झिजला पण आतलं अंग धड असलं, तर त्याच्यावर नवीन रबर चढवून, साच्यात वाफेवर शिजवून त्याला परत चालता करणे. टायर नवा होत नाही. तो कुठे कमजोर आहे हे करणाऱ्याने चालवणाऱ्याला तोंडाने सांगायचं असतं आणि चालवणाऱ्याने विचारायचं असतं. अंग धड नसेल तर करू नये, आणि केलेला टायर पुढच्या चाकाला लावू नये. कारण मागचा फुटला तर बाजूचा टायर वजन घेतो, पुढे तो एकटा असतो. १९९२ साली करूळ घाटात आम्हा दोघांना हे ठाऊक होतं, पण आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

सांगणारे : लवू राऊळ, करणारा, कसाल. प्लासिद लोबो, चालवणारा, मालवण.’

तुझ्या संपादकबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की कारण मागितलंत, हे कारण. यातली शेवटची ओळ जागेअभावी काढायची झाली तर आमची दोघांची नावंही काढा, आमचं काही म्हणणं नाही. पण ओळ ठेवून नावं काढू नका. आता मला ते नाव तिथे पाहिजे. ‘एक गृहस्थ’ असं मीच लिहिलं होतं, ते विसरून जा.

वीस तारखेला पान जाणार, आणि टपालाला चार-पाच दिवस लागतात. बाळाला मी सांगितलं की याचा मोबाईलवर फोटो काढून पाठव, तर तो म्हणाला की पाठवतंय, पण तुमी पत्रय पाठवा, तिका पत्र आवडता. म्हणून दोन्ही पाठवतो आहे. पोचलं की नाही, बाईंनी ओळ ठेवली की काढली, नावात चूक नाही ना झाली (लोबो, लोबे नव्हे), हे सगळं कळव. प्लासिद येत्या मंगळवारी विचारायला येणार आहे, आणि तो मोठ्याने विचारणार आहे. तेव्हा त्याच्या आधी मला कळलेलं बरं. बाळाच्या मोबाईलवर लवकर कळव.

तुझा,
आजो